शिक्का मारलेला ईसीजी

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. हा किस्सा एकदा सुरू झाला की मला थांबवणं तुमच्या हातात राहत नाही, आणि ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहाल ते माझ्या हातात राहत नाही. चुका काय, सगळ्यांकडून होतात. कोणी भाजीत मीठ दोनदा घालतं, कोणी लग्नातून दुसऱ्याच्या चपला घालून येतं. मी एका माणसाचं हृदय पास केलं. तेही शिक्का मारून!

हसू नका. म्हणजे हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

मी मनोहर, राहणार वरठी. एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात लॅबमध्ये काढली. लॅब म्हणजे पोलादाची लॅब, बरं का! तयार माल गाडीत चढायच्या आधी त्याचा तुकडा माझ्या टेबलावर यायचा. कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती. प्रत्येकाची मर्यादा ठरलेली, इतक्यापासून इतक्यापर्यंत. आकडा मर्यादेत असला तर निळी टिक, बाहेर गेला तर लाल गोल. सगळ्या टिका निळ्या आल्या की पितळी मुठीचा शिक्का उचलायचा, त्याला तोंडाची वाफ द्यायची आणि धप्प! 'पास'.

मी निवृत्त झालो तोवर कारखान्यात शिक्के जाऊन कॉम्प्युटर आले होते. तो शिक्का भंगारात चालला होता, मी मागून घरी आणला आणि शोकेसमध्ये मधोमध ठेवला. "लोकं मेडल ठेवते, आमच्या घरी ठप्पा," असं छाया येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. छाया म्हणजे माझी बायको.

आता खरी गंमत अशी, की आमच्या गल्लीत मला सगळे 'लॅबवाले काका' म्हणतात. कसली लॅब, ते कोणी विचारत नाही. एके दिवशी शेजारच्या सुमनबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. "काका, तुमी लॅबवाले ना? जरा पाहून सांगा बापा, डॉक्टर संध्याकाळी भेटते." मी चष्मा लावून कागद पाहिला आणि थक्क झालो. डावीकडे नाव, मध्ये आकडा, उजवीकडे मर्यादा. अहो, हा तर माझाच कागद! फक्त कार्बनच्या जागी कोलेस्टेरॉल.

झालं! खिशातली निळी-लाल पेन्सिल आपोआप हातात आली.

तिथून माझा दवाखाना सुरू झाला. अंगणात खुर्ची, समोर स्टूल, आणि स्टुलावर गल्लीतली साखर, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन. ज्याचे सगळे आकडे मर्यादेत, त्याच्या कागदावर मी शिक्काही मारायचो. लोकांनाही तो आवडायचा. खोटं कशाला बोलू, शिक्का मारून घ्यायला दोन माणसं खातरोड्यावरून सायकलनं आली होती!

सुमनबाईंचा एचडीएल निघाला चौसष्ट आणि कागदावर मर्यादा साठची. मी लाल गोल मारला. "चार पॉइंट खाली आणा." त्या बिचारीनं शेंगदाणे सोडले, मासे सोडले, महिनाभर तोंड पाडून बसली. मग डॉक्टरांनी सांगितलं, बाई, हा चांगला कोलेस्टेरॉल आहे, थोडा जास्त असला तर बरंच आहे, हा गोल कोणी मारला?

मग देवराम गुरुजी आले, इकोचा रिपोर्ट घेऊन. इको म्हणजे छातीवरून यंत्र फिरवून हृदयाची सोनोग्राफी करतात ती. त्यात लिहिलं होतं, हृदय एका ठोक्याला साठ टक्के रक्त बाहेर ढकलतं. साठ टक्के! भट्टीत शंभर किलो टाकलं आणि साठच बाहेर आलं, तर मॅनेजर उभा जाळेल. मी हलक्या आवाजात म्हणालो, "गुरुजी, चाळीस टक्के गळती दिसून राहिली." गुरुजी घरी गेले आणि सरळ अंथरुणाला लागले. मुलीला नागपूरहून बोलावून घेतलं, जमिनीचे कागद काढले. आठ दिवसांनी कळलं की साठ म्हणजे एकदम ठणठणीत हृदय, शंभर टक्के कोणाचंच रिकामं होत नसतं.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला पाहिजे होतो की नाही? पण मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, माझ्या चुका कडक बाजूच्या आहेत. चांगल्या मालाला चुकून नापास केलं तर फार काही बिघडत नाही. वाईट माल पास झाला तर बिघडतं, आणि तसं मी एकतीस वर्षांत एकदाही होऊ दिलं नाही. असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

आता केवळराम.

केवळराम माझा शाळेपासूनचा दोस्त, दहावीपर्यंत एका बाकावरचा. आमच्याकडून सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. जातीनं ढीवर, मासेमारी बापजाद्यांची. मला पोहायला त्यानंच शिकवलं, म्हणजे पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, पाण्यात ढकलून दिलं आणि वरून हात हलवत सांगितलं, असे हात मार. गावच्या मच्छीमार सोसायटीचा तलाव उन्हाळ्यात उतरला की एक दिवस ठरवून मोठं जाळं ओढतात. सगळं गाव पाळीवर जमतं. पहिलं पाऊल पाण्यात टाकायचा मान केवळरामच्या घराचा. आधी त्याचा बाप उतरायचा, आता तो.

गेल्या वर्षी त्याच दिवशी सकाळी सातला शेवंतावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला.

"भाऊजी, यायच्या छातीवर दगड ठेवल्यासारकं होऊन राहिलं म्हनते. घाम सुटून राहिला. अन् मले म्हनते, मनोहरले सांगू नको!"

मी गाडी काढली, दोघांना घेतलं आणि भंडाऱ्याला एका दवाखान्यात नेलं. इथवर मी हुशार होतो, हे लक्षात ठेवा. पुढं तसं म्हणायची संधी मिळणार नाही.

तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी गोळ्या चघळायला दिल्या, ईसीजी काढला, रक्त घेतलं. तासाभरात म्हणाल्या, "ईसीजीत सध्या काही दिसत नाही. रक्तातलं ट्रोपोनिनही नॉर्मल आहे. पण यांना इथंच राहू द्या. तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊ, पुन्हा ईसीजी काढू."

"पुन्हा कशाला मॅडम?" मी विचारलं. "मर्यादेत आहे की!"

"काका, आत्ता मर्यादेत आहे," त्या म्हणाल्या. पुढं समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर अपघाताचा पेशंट आला आणि त्या धावल्या. 'आत्ता' या एका शब्दावर त्यांनी किती जोर दिला होता, ते मला आज ऐकू येतं. तेव्हा आलं नाही.

गोळ्यांनी की काय, केवळरामला बरं वाटायला लागलं होतं. तो पलंगावर उठून बसला.

"मनोहर, चाल बे घरी. आज तलाव ओढाचा हाय. मी नसलो त पाण्यात पयले कोन उतरन?"

"थे डॉक्टरीन थांबा म्हणली ना," वहिनी म्हणाल्या.

"तिले काय जाते म्हनाले? हा लॅबवाला हाय ना आपला. याले इचार. बोल बे, पास का फेल?"

शेवंतावहिनी माझ्याकडे पाहत होत्या. केवळरामही पाहत होता. आणि काय सांगू, त्या क्षणी मला पुन्हा माझ्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. मी कागद हातात घेतला. ट्रोपोनिन मर्यादेच्या आत, साखर आत, सगळं आत. सगळ्या टिका निळ्या!

"पास," मी म्हणालो. "अन् एकदा जे निघालं थेच खरं, वयनी. पास झालेला माल आमी परत तपासत नाई."

नर्सबाईंनी एक कागद पुढं केला. सल्ला न मानता स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे, असा. केवळरामनं सही केली. साक्षीदार म्हणून खाली कोणाची सही असेल? अगदी बरोबर.

येताना वरठी लागते म्हणून चहाला घरी थांबलो. छायानं फाईल पाहिली, कागद वाचला आणि कपबशी खाली ठेवली.

"जाऊन काहून राहिले तुमी? डॉक्टरनं थांबा म्हणलं त थांबाव ना! हे तुमचं लोखंड हाय का?"

"तुला यातलं समजत नाही," मी म्हणालो. हे वाक्य नीट ऐकून ठेवा. मी म्हणालो, माझ्या बायकोला समजत नाही.

तरी शेवंतावहिनींचा जीव वरखालीच होत होता. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, खरंच ठीक हाय ना हे? तुमी म्हणसान त मी मानतो." आता अशा वेळी माणसानं काय करावं? दोन शब्द धीराचे बोलावे, नाहीतर गाडी दवाखान्याकडे वळवावी. मी उठलो, शोकेस उघडली, शाईचा पॅड काढला, शिक्क्याला वाफ दिली आणि केवळरामच्या ईसीजीवर, त्या गुलाबी कागदाच्या बरोबर मधोमध, धप्प! 'पास'.

वहिनी हसल्या. त्या हसल्या याचंच मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तलावावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाळीवर माणसं, पोरंसोरं, बर्फाच्या पेट्या घेऊन आलेला टेम्पो, भज्यांची कढई. केवळराम दिसला तसा एकच गलका झाला. त्यानं धोतर खोचलं, पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि उतरला. मी पाळीवर उभा राहून शेजारच्यांना सांगत होतो, "सकाळी थोडं दुखत होतं. मी तपासलं. ओके आहे."

जाळं अर्ध्यावर आलं असेल. मासे उड्या मारायला लागले होते. ओढणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढं केवळराम होता. तो थांबला. त्यानं हातातला दोर सोडला, पाण्यात खाली बसला आणि पाळीकडे वळून काहीतरी शोधायला लागला.

मला शोधत होता.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण सावकाश सांगायचं बळ नाही. माझी गाडी पाळीच्या त्या टोकाला, माणसांनी वेढलेली. जवळ होता तो बर्फाचा टेम्पो. चौघांनी केवळरामला उचलून पेट्यांच्या मध्ये झोपवलं, वहिनी उशाशी, मी पायाशी. जाळ्यातून उडी मारून काठावर पडलेला एक मोठा रोहू कोणीतरी पेटीत टाकला होता, तो रस्त्यात उसळून थेट माझ्या मांडीवर आला. केवळरामचे ओठ पांढरे पडले होते, आणि तशा अवस्थेत तो मला म्हणतो, "पकड बे, जाईन थो!" आणि मी पकडला! त्याच्या हाताऐवजी दवाखान्यापर्यंत मासा धरून बसलो. वहिनींनी हिसकावून घेतला तेव्हा कळलं.

त्याच मॅडम समोर. नवा ईसीजी निघाला. मला वाचता येत नाही हे आज कबूल करतो, पण सकाळच्या रेघा आणि या रेघा एकाच माणसाच्या वाटत नव्हत्या. रक्त घेतलं. ट्रोपोनिन मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेलं. मॅडमनी तुलना करायला सकाळची फाईल उघडली आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"हे काय आहे? हा शिक्का कोणी मारला?"

वहिनींनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो. "मी लॅबमध्ये होतो."

"कुठल्या लॅबमध्ये?"

"पोलादाच्या."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण अँब्युलन्स येईपर्यंत दोन मिनिटं होती, तेवढ्यात त्यांनी मला शांतपणे सांगितलं. "काका, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातून ट्रोपोनिन रक्तात झिरपतं. पण लगेच नाही, काही तास लागतात. म्हणून पहिला आकडा नॉर्मल आला तरी आम्ही माणसाला सोडत नाही. आणि ईसीजी म्हणजे त्या क्षणाचा फोटो. पुढच्या क्षणाचं तो काही सांगत नाही. यांना इथंच ठेवलं असतं तर त्रास सुरू झाल्याबरोबर हलवता आलं असतं."

अहो, मी ज्या टेबलावर बसायचो तिथं थंड झालेलं पोलाद यायचं. त्याचा कार्बन आज जेवढा, तेवढाच उद्या. पण आमच्याच कारखान्यात, भिंतीपलीकडे, भट्टी चालू असताना तिथली माणसं एकाच घाण्याचे तीन-तीन नमुने काढायची. आत सगळं उकळतंय, बदलतंय, एका नमुन्यावर कसं सांगणार? हे मी एकतीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. माणसाची छाती ही चालू भट्टी आहे, एवढं मात्र सुचलं नाही.

नागपूरला नेलं, बंद पडलेली नस फुग्यानं उघडली, स्टेंट टाकला. केवळराम वाचला. पण मधल्या त्या तासांत हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. माफी मागायची म्हणून मी रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे बाजूला राहिले. मी त्याला मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. का थांबायचं होतं, दुसऱ्यांदा रक्त का घ्यायचं होतं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"एवढंच होतं का?" तो म्हणाला. "मंग सकाळी तसं सांगाचं ना बे. पयल्या खेपेले जाळं रिकामं आलं म्हणून तलावात मासोया नाई, असं म्हनते का कोनी?"

सातवीपासून मी त्याला गणित सांगत आलो होतो.

आता तो तलावात उतरत नाही. जड ओढायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. यंदा जाळं ओढलं तेव्हा पाण्यात पहिलं पाऊल त्याच्या पुतण्यानं टाकलं. केवळराम पाळीवर खुर्ची टाकून बसला होता आणि वरून ओरडून चुका काढत होता. मी शेजारी होतो. एका क्षणी तो ओरडायचा थांबला आणि नुसता आपल्या हातांकडे पाहत बसला. मीही दुसरीकडे पाहिलं. मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

आणि माझी शिक्षा? ती केवळरामच्या फाईलमध्ये आहे. जिथं जाईल तिथं जुने कागद लागतात, आणि जो नवा डॉक्टर फाईल उघडतो तो पहिलं हेच विचारतो, हा शिक्का कसला? म्हणून केवळराम मला प्रत्येक वेळी सोबत नेतो. "शिक्क्याचं उत्तर तू दे. मले बोलून दम लागते." आतापर्यंत मी पाच डॉक्टरांना उत्तर दिलं आहे. एकानं तर दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणून पुन्हा सांगायला लावलं.

परवा त्याचा इको झाला. कागद हातात आला. त्यात लिहिलं होतं, चाळीस. देवराम गुरुजींचे साठ होते. बाहेरच्या बाकावर बसल्यावर केवळरामनं तो कागद माझ्यापुढं धरला.

"बोल. पास का फेल?"

मी कागद पाहिला. हात खिशाकडे गेला, पेन्सिल नव्हती.

"मले यातलं समजत नाई," मी म्हणालो. "डॉक्टरले इचार."

एवढंच वाक्य. त्या दिवशी सकाळी हेच वाक्य तोंडातून निघालं असतं तर केवळराम आज पाण्यात असता. पण मी ते बायकोच्या नावावर खपवून मोकळा झालो होतो.

केवळरामनं कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून काय काढलं असेल? माझा शिक्का! छायानं तो केव्हाच त्याच्या हवाली केला होता. त्यानं माझा हात ओढून उलटा केला, शिक्क्याला तोंडाची वाफ दिली आणि माझ्या तळहातावर मारला. धप्प!

आम्ही दोघं वाकून पाहायला लागलो. शाई वर्षभरात वाळून गेली होती. तळहातावर काहीच उमटलं नव्हतं.

मी हात तसाच पुढं धरला. म्हणालो, "अबे, पुन्हा एकदा मारून पाह्य ना."

केवळरामनं शिक्का पुसला आणि खिशात टाकला.

"आता कायले?" तो म्हणाला. "एकदा जे निघालं थेच खरं."